पुण्याहून विमानाने जाताना अंतर आणि वेळेचा हिशोब कसा मांडावा

पुण्याहून विमानाने निघण्यापूर्वी दोन आकडे स्वतः काढून पाहावेत: दोन शहरांमधले हवाई अंतर आणि घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत लागणारा वेळ. तिकिटावरच्या वेळेतून यांपैकी एकही पूर्ण कळत नाही.

अंतर काढायला शाळेतला भूगोल पुरतो. लोहगावचा विमानतळ सुमारे १८.५८ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.९२ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर दिल्लीचा २८.५६ आणि ७७.१० अंशांवर. अक्षांशांतला फरक जवळजवळ १० अंश आणि प्रत्येक अंशाचे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडे १,११० किलोमीटर झाले. रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत असल्यामुळे या पट्ट्यात त्यांचा एक अंश साधारण १०२ किलोमीटरचा भरतो, ३.१८ अंशांचे ३२४ किलोमीटर होतात. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की उत्तर येते सुमारे १,१५६ किलोमीटर. लंडन किंवा न्यूयॉर्कसारख्या लांबच्या शहरांसाठी मात्र ही रीत चालत नाही. तेथे पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा, कारण सपाट नकाशावरची सरळ रेघ हा जवळचा मार्ग नसतो.

वेळेसाठी मी अंतराला ८०० ने भागतो आणि त्यात ४० मिनिटे मिळवतो. ही ४० मिनिटे धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरणे आणि थांब्यावर लागणे यांची असून अंतर कमी झाले म्हणून ती फारशी घटत नाहीत. दिल्लीसाठी सुमारे २ तास ७ मिनिटे येतात. नागपूर हवाई मार्गाने सुमारे ६०५ किलोमीटर, म्हणजे दिल्लीच्या जवळपास निम्म्यावर, तरी वेळ १ तास २५ मिनिटे लागतो. तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमान थांब्यावरून हलण्याची असते, आकाशात झेपावण्याची नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

परदेशी जाताना घड्याळातला फरक मोजावा. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. रात्री ८ वाजता निघून साडेतीन तास उडालेले विमान तेथील १० वाजता पोहोचते. उंचावरचे वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून दुबईला जाताना येण्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

खरा हिशोब यानंतर सुरू होतो, आणि घरातली वडीलधारी माणसे एकटी निघणार असतील तर तो कागदावर लिहूनच द्यावा. समजा, आई कोथरूडहून नागपूरला धरमपेठेत निघाली आहे आणि विमान सकाळी ९ चे आहे. दोन तास आधी, म्हणजे ७ वाजता विमानतळावर पोहोचायचे तर ६ वाजता घर सोडावे लागेल. सामान देण्याची खिडकी बहुधा तासभर आधी बंद होते, त्यामुळे येथे काटकसर करू नये. विमान १०.२५ ला थांब्यावर लागेल, पट्ट्यावरून बॅग हाती येईपर्यंत १०.५० होतील आणि ती ११.२० च्या सुमारास घरी पोहोचेल. एकूण ५ तास २० मिनिटे झाली. संध्याकाळचे विमान असेल तर नगर रस्त्यावरच्या गर्दीसाठी आणखी अर्धा तास धरावा, किंवा वनाजहून रामवाडीपर्यंत मेट्रोने जाऊन पुढे रिक्षा करावी.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला पहाटेचे धुके असते. तेथून पुढचे विमान पकडायचे असेल तर मी दोन विमानांमध्ये किमान चार तास ठेवतो आणि दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घेतो.