विज्ञानकथा मालिकेच्या नव्या पार्श्वसंगीतावर श्रोत्यांची मते कशी घ्यावीत

एखाद्या विज्ञानकथा मालिकेचे संगीत नव्या संगीतकाराच्या हाती गेले, की पहिल्या भागानंतरच ‘आधीचेच बरे होते’ असा शेरा ऐकू येतो. हा शेरा बहुतेक वेळा संगीताबद्दल नसून कानाच्या सवयीबद्दल असतो. मिरजेत आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा अशा मालिकांचे संगीत ऐकायला बसतो, आणि सवय बाजूला सारून खरे मत कागदावर कसे आणावे, याची एक रीत त्यातून बसली आहे.

प्रथम तीन तुकडे निवडावेत: शीर्षकसंगीत, संवाद असलेला एक प्रसंग आणि एकही शब्द नसलेला एक प्रसंग. मिळून दहा-बारा मिनिटे पुरतात. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर खर्जातले स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत आणि अवकाशातील प्रसंगांचा निम्मा भार तर खर्जावरच असतो, म्हणून साधे का होईना, पण दोन मोठे स्पीकर जोडावेत. जुन्या आणि नव्या संगीताची तुलना करायची असल्यास दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा, कारण जरा मोठ्याने वाजलेले संगीत कानाला उगाचच सरस वाटते.

यानंतरचा क्रम मात्र चुकवू नये. मालिकांचे संगीत बहुधा संवादांविना स्वतंत्रपणेही प्रकाशित होते. तेच आधी, चित्र बंद ठेवून आणि संगीतकाराचे नाव न सांगता ऐकवावे. प्रत्येकाने कोणाशी न बोलता चिठ्ठी लिहावी. मग तोच तुकडा चित्रासह दाखवून दुसरी चिठ्ठी घ्यावी. चर्चा आधी झाली, तर जाणकार समजल्या जाणाऱ्या माणसाचेच मत सगळ्या चिठ्ठ्यांवर उतरते.

‘आवडले का?’ हा प्रश्न विचारूच नये. तुमचे लक्ष कोणत्या क्षणी संगीताकडे गेले, कोणता संवाद संगीतात बुडाला, कोणते वाद्य ओळखू आले आणि आता काय गुणगुणता येते, असे प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे देण्यासाठी रागज्ञान लागत नाही, आणि ज्याला ते आहे, तो आपल्या शब्दांत अधिक सांगतोच. आमच्या एका बैठकीला तंबोरे बनवणारे एक बुजुर्ग कारागीर आले होते. रिकाम्या यानाच्या प्रसंगात सिंथेसायझरचा एकच खर्ज स्वर बराच वेळ चालतो. तो ऐकून त्यांनी लिहिले, ‘तंबोऱ्यासारखे आहे, पण जवारी बंद आहे.’ तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवत नेमक्या जागी आणला, की तार झणकारते आणि न छेडलेला गंधारही तिच्यातून उमटतो; हीच खुली जवारी. या स्वरात ते काहीच नव्हते. चित्र पाहिल्यावर त्यांच्या दुसऱ्या चिठ्ठीवर आले, ‘यानात जिवंत कोणी नाही. जवारी बंदच हवी.’ मला या दोन चिठ्ठ्या कोणत्याही लांबलचक परीक्षणापेक्षा मोलाच्या वाटतात.

जुन्याची ओढ असलेल्या श्रोत्यांना गप्प करू नये. त्यांना नेमके काय हरवल्यासारखे वाटते, ते विचारावे. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या १९७८ च्या मालिकेत भव्य ऑर्केस्ट्रा होता, २००४ च्या नव्या मालिकेत बेअर मॅक्रीअरी यांनी जपानी तायको ढोल आणि जर्दाळूच्या लाकडाचे, फुंकून वाजवायचे आर्मेनियन दुदुक यांच्यावर भर दिला. तरीही जुनी शीर्षकधून टाकून न देता ती त्या जगाचे राष्ट्रगीत म्हणून नव्या कथेत वाजवली गेली. म्हणून हरवली ती धून, वाद्यांचा भरणा की लय, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. धून हरवल्याची तक्रार आणि ऑर्केस्ट्रा हरवल्याची तक्रार या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

चिठ्ठ्यांची बेरीज करून गुण काढू नयेत. दोन चिठ्ठ्यांमध्ये ज्यांचे मत बदलले, त्यांच्या जोड्या वेगळ्या काढून चर्चेची सुरुवात तिथून करावी. सर्व चिठ्ठ्या तारीख घालून जपाव्यात आणि सीझन संपल्यावर तेच तुकडे त्याच क्रमाने पुन्हा ऐकवावेत. पहिली चिठ्ठी मात्र नवी लिहून झाल्यावरच ज्याच्या त्याच्या हाती द्यावी.