पैसे पाठवण्याआधी: फिनडॉमची ओढ असलेल्यांसाठी

फिनडॉम म्हणजे एखाद्या बाईच्या हुकमावरून तिला पैसे देण्यातच लैंगिक सुख मिळणं. माझ्याकडे समुपदेशनाला येणारे फिनडॉमवाले पुरुष बहुतेक एकाच वाक्याने सुरुवात करतात: "मॅडम, मी मूर्ख नाही." नसतातच. समोरची बाई 'ट्रिब्यूट', म्हणजे नजराण्याचे पैसे, मागते, हा पाठवतो, आणि बदल्यात तुच्छतेची एखादी ओळ मिळते किंवा तीही नाही. आपण लुटले जातोय हे त्याला ठाऊक असतं, किंबहुना त्यातच गोडी असते. दिवसभर चार लोकांवर हुकूम चालवणाऱ्याला रात्री कुणीतरी आपल्या हातातून लगाम काढून घ्यावा असं वाटतं, एवढंच.

"मी विकृत आहे का?" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका असलेल्या २०१३च्या डीएसएम-५ने स्पष्ट केलंय की आवड वेगळी असणं म्हणजे विकार नव्हे. त्या आवडीपायी त्रास होतो, रोजचं जगणं विस्कटतं किंवा दुसऱ्याला इजा पोहोचते, तेव्हा विकार म्हणायचं. म्हणून मी विचारते ते घराच्या हप्त्याबद्दल.

मग एक वही करा. पैसे पाठवले की लिहा: त्या दिवशी काय घडलं होतं, आणि झिंग नेमकी कधी चढली? आकडा टाइप करताना, पिन दाबताना, की उत्तराची वाट बघताना? पिनपाशी चढत असेल तर ओढ शरणागतीची आहे. वाट बघण्यात चढत असेल तर मात्र मला जास्त काळजी वाटते. उत्तर कधी येतं, कधी येत नाही, आणि अशा बेभरवशाच्या बक्षिसाची सवय सुटता सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. नंतरची लाजही लिहा. अकाउंट डिलीट करून आठवड्यात परत येणारे कित्येक जण त्या लाजेवरच पुन्हा पेटतात.

रकमेचा निर्णय उत्तेजना नसताना घ्या. सकाळी चहा पिताना घेतलेला उत्तम. भाडं, हप्ते, किराणा, बचत वजा करून उरलेल्यातला जो भाग गेला तरी चालेल, तेवढाच वेगळ्या खात्यात ठेवा. क्रेडिट कार्ड नाही, लोन अ‍ॅप तर नाहीच. २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरचे परदेशी व्यवहार तुम्ही स्वतः बंद करू शकता. ते आजच करा.

"पण मर्यादा घातली की मजाच जाते," असं हमखास ऐकते. थोडी जाते, खरंय. पण हा खेळ जाणणारी बाई तुमची मर्यादा आधीच विचारून घेते. मर्यादा सांगितल्यावर "मग कर्ज काढ" म्हणणारी तुमच्याशी खेळत नाहीये.

ब्लॅकमेलचा 'खेळ', म्हणजे आपली गुपितं तिच्या हाती देऊन मुद्दाम धमक्या घेणं, तर मुळीच खेळू नका. आधारचा फोटो, ऑफिसचं नाव, बायकोचा नंबर एकदा गेला की धमकी खोटी आहे की खरी, हे ठरवणारे तुम्ही उरत नाही. खरी धमकी आलीच तर आणखी पैसे देऊ नका, कारण दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८खाली गुन्हा आहे. तक्रारीत तुमची आवड समजावून सांगत बसायची गरज नाही. धमकी काय दिली, किती पैसे कुठे गेले, तेवढं सांगा.