अनियाकचाकच्या विवरात जाण्यापूर्वी

बेळगाव-निपाणीकडच्या आपल्या पायांखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्या मानाने अगदी ताजे विवर पाहायचे असेल, तर अलास्का द्वीपकल्पावरील अनियाकचाक या संरक्षित क्षेत्राचा विचार करावा. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकात डोंगराचा माथा आत कोसळून येथे १० किलोमीटर रुंदीचे विवर तयार झाले. शेवटचा उद्रेक १९३१ मध्ये झाला.

तेथे रस्ता नाही, पायवाट नाही, मोबाइलची रेंजही नाही. अँकरेजहून किंग सॅमन या गावी विमानाने जावे लागते आणि तेथून भाड्याचे छोटे विमान, हवामानाने साथ दिली तरच, विवरातील सरप्राइज सरोवरावर उतरते. जून ते सप्टेंबर हाच काय तो योग्य काळ. त्यातही ढग आणि वारा यांमुळे विमान अनेक दिवस अडकू शकते. म्हणून ठरलेल्या मुक्कामापेक्षा चार-पाच दिवसांचा शिधा जास्त न्यावा आणि परतीच्या तिकिटातही तेवढीच मोकळीक ठेवावी. माझ्या मते या प्रवासात याहून महत्त्वाची दुसरी तयारी नाही.

तंबूची परीक्षा मात्र घरीच घ्यावी. जुलैमध्ये जांबोटी-कणकुंबीकडे ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून, दोन रात्री काढल्या की शिवणीतून कोठे पाणी झिरपते ते कळते. (भीमगड अभयारण्यात असा मुक्काम परस्पर करू नये.) आपल्या पावसात वाऱ्याची परीक्षा पुरेशी होत नाही. विवराच्या कड्यांवरून खाली कोसळणारा वारा तंबू फाडू शकतो, त्यामुळे मजबूत दांड्या आणि जादा दोर हवेतच. सुती कपडे ओले झाले की लवकर वाळत नाहीत आणि अंगातली ऊब जाते, म्हणून लोकरीचे कपडे घ्यावेत.

सॅमन मासे सरोवरापर्यंत चढून येत असल्याने तपकिरी अस्वलांचा वावर असतो. शेंगदाण्याची चटणी, भडंग, इतकेच काय टूथपेस्टसुद्धा अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात भरून तंबूपासून दूर ठेवावी, आणि झुडपांतून जाताना सर्वांनी एकत्र, मोठ्याने बोलत चालावे.

दोन वस्तू येथून मुळीच नेऊ नयेत. स्टोव्हचे इंधन प्रवासी विमानात चालत नाही. ते अलास्कातच विकत घ्यावे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र परवानगीशिवाय बाळगणे भारतात बेकायदेशीर असल्याने तेही तिकडेच भाड्याने घ्यावे आणि परतण्यापूर्वी तिकडेच परत करावे. विमानात चढण्याआधी, सरोवरावर उतरणे अशक्य झाल्यास कोठे आणि कधी थांबायचे, हे वैमानिकाशी बोलून लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत घरच्यांना पाठवावी.