कॉम्प्युटरकडून भूप राग काढून घ्यायचा असेल तर आधी तक्ता बनवा

अल्गोरिदमनं चाल बनवायची म्हटलं की बरेच जण थेट रँडम स्वर वाजवतात आणि वर म्हणतात कॉम्प्युटरला राग कळत नाही, अहो पण आपण त्याला स्वर दिले, चलन, म्हणजे एका स्वरावरनं दुसऱ्यावर कसं जायचं ते, कुठं दिलं?

भूपापासून सुरू करा. मिडीत, म्हणजे कॉम्प्युटरला स्वर आकड्यांत सांगायच्या पद्धतीत, सा ६० धरा, रे ६२, ग ६४, प ६७, ध ६९, शिवाय खालचा ध ५७ आणि वरचा सा ७२. आता वहीत प्रत्येक स्वराची एक ओळ काढा आणि तिथनं पुढं कुठं जायचं त्याची वजनं लिहा (वजन जास्त तितका तो स्वर जास्त वेळा येणार), हाच आपला तक्ता, समजा ग वरनं रे ला ४, प ला ३, ध ला १. चालू स्वर बघून पुढचा असा निवडायचा, हीच मार्कोव्ह चेन. १९५७ साली इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅक्सन यांनी इलियाक कॉम्प्युटरवर जी रचना केली तिच्या चौथ्या भागात हेच तंत्र होतं.

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत रँडम डॉट चॉइसेस या फंक्शनला ती वजनं द्या, आलेला स्वर पुढच्या फेरीचा चालू स्वर, १६ मात्रा भरल्या की थांबा. मिडीयूटिल या पायथॉनच्या लायब्ररीनं मिडी फाईल काढा, म्यूझस्कोर या सॉफ्टवेअरमध्ये ऐका.

खरी मेहनत वजनांवर घ्या, आणि ग वर जरा जास्त मात्रा थांबवा कारण तो वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर आहे. मग त्याच पाच स्वरांवर जोर ध कडं आणि वरच्या अंगाला न्या, की देशकार हा दुसरा राग डोकावायला लागतो, स्वर तेच, तक्ता वेगळा! मला तर हे लय भारी वाटतं. शाहू महाराजांनी गायक अल्लादिया खाँसाहेबांना जिथं आश्रय दिला त्या कोल्हापुरात गाणं जाणणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही, तेव्हा फाईल त्यांना ऐकवा आणि कुठं राग सुटला ते विचारून तेवढंच वजन बदला.

एकाच स्वराची आठवण ठेवली तर "ध प ग" सारखी जागा मध्येच तुटते, म्हणून नंतर मागचे दोन स्वर बघून पुढचा निवडा, तक्ता मोठा होईल पण करा. मींड, म्हणजे एका स्वरावरनं दुसऱ्यावर न तुटता सरकणं, हवी असेल तर मिडीतला पिच बेंड (स्वर वरखाली सरकवायची सोय) लागेल, बहुतेक सिंथवर (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणाऱ्या वाद्यावर किंवा सॉफ्टवेअरवर) त्याची रेंज दोनच सेमीटोन (मिडीच्या आकड्यात एकेक घर) असते आणि ग ते प तीन आहेत, त्यामुळं आधी रेंज वाढवून घ्या.