४२९४९६७२९७ मूळ आहे का? तपासताना या चुका टाळा

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्माने ती मूळ संख्या मानली होती. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने तिचे अवयव पाडले: ६४१ × ६७००४१७. उत्तर माहीत असूनही पडताळणीत लोक ठरावीक जागी घसरतात.

सर्वांत आधी, शाळेतल्या कसोट्यांवर थांबू नका. एककस्थानी ७, अंकांची बेरीज ५९, एकाआड एक अंकांच्या बेरजांतला फरक १७. यावरून २, ३, ५ आणि ११ बाद झाले, एवढेच. निम्म्या संख्येपर्यंत भाग लावत बसणे हे दुसरे टोक. वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे आहे, तिथवर पुरते. पण तिथवरही ६५४२ मूळ संख्या आहेत, आणि ६४१ चा क्रमांक त्यांत ११६ वा.

इथे संख्येची घडण कामाला येते. हिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच तयार होतो. म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढेच तपासायचे. पाचव्या भागाकारात काम फत्ते. फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुकाने पुढे ६४ चे १२८ केले. मग उरतात २५७ आणि ६४१. दोनच!

अवयव सापडल्याच्या आनंदात ६७००४१७ तपासायची राहून जाते. तिचे वर्गमूळ सुमारे २५८८. तिचे अवयवही १२८ च्याच साच्यातले हवेत, म्हणजे २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. एकानेही भाग जात नाही, म्हणून ती मूळ. आता विभाजक चार (१ आणि स्वतः संख्या धरून, हे दोन गाळले की गणित चुकते) आणि त्यांची बेरीज ४३०१६६८३५६.

सर्वांत फसवी चूक फर्माच्या कसोटीची (संख्या मूळ असेल आणि पायाला तिने भाग जात नसेल, तर पुढच्या भागाकारात बाकी १ च येते). पाया २ घेऊन २ चा (संख्या − १) वा घात काढला आणि संख्येने भागला, तर बाकी १ येते. मूळ असल्यासारखीच! २ च्या २, ४, ८, १६, ३२ अशा घातांत १ मिळवून झालेल्या प्रत्येक संख्येत पाया २ घेतला की बाकी १ च येते, मग ती संयुक्त का असेना. पाया ३ घ्या: बाकी ३०२९०२६१६० येते, १ नाही. संयुक्त असल्याचा निकाल तिथेच लागतो.

संगणकावर गोंधळ वेगळा. ३२ बिटांच्या चिन्हरहित (ऋण संख्या न धरणाऱ्या) पूर्णांकात ही संख्या मावत नाही, वरचा बिट गळतो आणि हाती राहतो १. ६४ बिट घेतले तरी घात काढताना गुणाकार बाहेर सांडू शकतो: ४२९४९६७२९६ चा वर्ग नेमका २ चा ६४ वा घात, म्हणून उत्तर ०. पायथॉनचे पूर्णांक लागेल तेवढे वाढतात, तिथे ही कटकट नाही. एक्सेलमध्ये १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात, त्यामुळे असे वर्ग तिथे करू नका.

हाताने खात्री करायची असेल तर वर्गांची बेरीज पाहा. ६५५३६ चा वर्ग अधिक १ ही एक मांडणी; ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग ही दुसरी. मूळ संख्येची अशी मांडणी एकाहून जास्त प्रकारे होत नाही.