क्विझमध्ये 'पहिला' शब्द आला की आधी थांबा

क्विझची तयारी करताना आपण सगळे 'पहिला कोण' असल्या याद्या घोकतो आणि नेमके तिथेच फसतो, म्हणून वहीत नुसतं नाव लिहू नका, त्याच्यापुढची अट पण लिहा आणि तिच्याखाली लाल पेनाने रेघ मारा. आता हेच बघा, वनडेत पहिली डबल सेंच्युरी कुणाची? सगळे सचिन म्हणून बझर दाबतात, २०१०, ग्वाल्हेर, नाबाद २००. पण ते पुरुषांच्या क्रिकेटमध्ये! ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १९९७ च्या महिला वर्ल्डकपमध्ये डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ ठोकल्या होत्या, आणि त्या पण कुठे तर आपल्या मुंबईत. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी याच प्रश्नावर तोंडावर आपटलोय, वर समोरची टीम शाळेतल्या पोरींची.

खाशाबा जाधवांचं पण तसंच, १९५२ हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ, पण 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक' हे पूर्ण पाठ करा, त्यातला एक शब्द गाळला की उत्तर बदलू शकतं.

सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा मूकपट, 'आलम आरा' १९३१ चा पहिला भारतीय बोलपट आणि मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. हे तीन एकाच पानावर लिहून ठेवा, कारण पहिला आणि तिसरा दोन्ही हरिश्चंद्राच्याच गोष्टीवर आहेत आणि घाईत हमखास गोंधळ होतो. आणि हो, प्रश्न पूर्ण वाचून होईपर्यंत बझरवरचा हात जरा लांबच ठेवा.