गाऱ्हाणं घालण्याआधी अर्थिंग बघा: जुन्या जीपच्या वायरिंगमधल्या या चुका टाळा

इंडिकेटर दिला की पार्किंग लाइटही त्याच्या तालावर मिणमिणते. ब्रेक दाबला की मागचा दिवा विझतो. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होते. दापोलीपासून मालवणपर्यंत खाऱ्या वाऱ्यात उभ्या असणाऱ्या जुन्या जीप आणि जिप्सी असे चाळे करू लागल्या, की लोक आधी बॅटरी बदलतात. बॅटरी बहुतेक वेळा निर्दोष असते.

प्लस तारेतून येतो, पण मायनस बॉडी आणि चेसिसमधून परत जातो. या परतीच्या वाटेलाच अर्थिंग म्हणतात. तांब्याचा लग (तारेच्या टोकाची बोल्टाखाली बसणारी कडी) आणि लोखंडी पत्रा यांच्यामध्ये मिठाची ओल शिरली, की पत्रा त्या सांध्यातच गंजतो. परतीची वाट अडली की करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून किंवा थेट केबलमधून वाट काढतो. म्हणूनच एका बटणाला भलताच दिवा पेटतो.

दुसरी चूक मल्टिमीटरची. ‘टीं’ वाजलं म्हणजे अर्थिंग ठीक, असं समजू नका. अर्थिंगच्या पट्टीचा (इंजिनाला चेसिसशी जोडणारी विणलेली तार) एकच धागा शिल्लक असला तरी मीटर वाजतो. लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना मोजा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, डिझेल गाडीत स्टॉपची नॉब बाहेर धरलेली, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर (क्लॅम्पवर नाही), दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर पट्टी किंवा तिचे सांधे खराब. बॅटरीच्या प्लस खुंटापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.५ पर्यंत चालेल. दिवा पेटता ठेवून त्याच्या होल्डरचंही असंच मोजा.

सांधा दुरुस्त करताना गंजावर ग्रीस फासून मोकळं होऊ नका. बॅटरीचा मायनस काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, कल्हईचा लग आणि दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते, त्यामुळे इंजिन ते चेसिस पट्टी नवी टाकली तरी बॉडी ते चेसिस वायर वेगळी हवीच. ती नेमकी सगळे विसरतात.

पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड इथे टिकत नाही. मे महिन्यात टेपचा गोंद पाघळतो, जूनपासून पाणी इन्सुलेशनखाली चढत जातं. तार सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. ते लागलंच नाही तर अख्खी वायर बदला. जोडाला क्रिम्प (पकडीने दाबून बसवायची धातूची नळी) आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरा.

मंद हेडलाइटवर १००/९० वॅटचे बल्ब हा उपाय नाही. ६०/५५ च्या जोडीला हाय बीमवर साधारण १० अँपिअर लागतात, १००/९० ला १६ च्या वर. जुन्या जीपमध्ये बहुधा हे सगळं स्विचमधूनच जातं, आणि स्विच वितळतो. रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट वेगळ्या वाटेने सोडणारा डबा) बसवा, २.५ चौरस मिमी वायर आणि बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज. जुनेच बल्ब उजळतील. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणारे अजून आहेत. त्यांनी गाडीत निदान फायर एक्स्टिंग्विशर तरी ठेवावं.

पुळणीवरून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा, पण प्रेशरचा फवारा अल्टरनेटर आणि फ्यूजबॉक्सवर नको.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करून मायनस क्लॅम्प काढा आणि क्लॅम्प व खुंट यांच्यामध्ये १० अँपिअरच्या सॉकेटवर मीटर लावा. ५० मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. सगळे काढूनही आकडा उतरला नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा, डायोड गेलेला असू शकतो. ती सोडवताना आणि परत जोडताना मीटर काढून मायनस सुटाच राहू द्या, आणि मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका.